एक कोटी एकोणीस

गनपावडर रोडवरच्या आमच्या एदलजी बिल्डिंगचा पाण्याचा मीटर
एका मंगळवारी पहाटे अडकला.
तडकलेल्या काचेखाली आठ घरं, आठ आकडे:
१ ० ० ० ० ० १ ९.
पाणी येतच होतं,
मोजणं तेवढं थांबलं.

वॉर्डातून माणूस आला, टॉर्च मारली,
म्हणाला, सरासरीने बिल येईल.
फुर्टाडो सेक्रेटरींनी अर्ज दिला, पोच घेतली,
पोचेची झेरॉक्स जिन्यात चिकटवली.

मी बंदरखात्यात एकतीस वर्षं कॅशला होते.
चार आणे जुळेनात म्हणून रात्री नऊपर्यंत बसलेली माणसं आम्ही.
निवृत्त झाल्यावर जुळवायला काही उरलं नाही.
जिना उतरताना हा आकडा दिसे
आणि तोंडात आपोआप येई, एकं दहं शतं सहस्र
दशसहस्र लक्ष दशलक्ष कोटी.
कोटीवर एकोणीस,
आहेराच्या पाकिटावर चिकटवलेल्या रुपयासारखे.
म्हटलं, बघू तरी, कशाने भाग जातो.

रोज एक मूळ संख्या. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे.
दोनाने एक उरला. तिनाने दोन. पाचाने चार.
साताने अगदी दारापर्यंत आणलं, एकच बाकी.
अकराने सात, तेराने तीन.
त्या दिवशी जिन्यात फुर्टाडो भेटले, म्हणाले, "बाकी काय?"
मी म्हटलं, "तीन."

ह्याचे शेजारी बघावेत.
अलीकडच्याला सात दोनदा कापून जातो.
पलीकडचा तर गावजेवण घालणारा,
दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, साठ,
कुणीही या, दार उघडंच.
मधला हा एकटा
आतून कडी लावून.

तिसऱ्या मजल्यावरची लुब्ना इंजिनिअरिंगला आहे.
म्हणाली, "आंटी, फोन एका सेकंदात सांगेल."
मी म्हटलं, "सांगू नकोस."
मग तिने दुसरंच सांगितलं:
चाराने भागून तीन उरतात ना, म्हणजे हा मूळ असो वा नसो,
दोन वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येणार नाही.
एवढ्या फरश्या घेऊन दोन चौरस अंगणं घालायला बसलात,
तर एखादी तरी उरेल, नाहीतर कमी पडेल.
हे मला फार आवडलं. का, ते तिला सांगता आलं नाही.

दोनशे आठव्या दिवशी अंगात ताप होता.
भाजक १२८३.
बाकी शून्य.
पान पालथं घातलं आणि दिवा मालवला.
रात्रभर असं वाटत राहिलं
की एखाद्या सरळ माणसाची कॅश कमी भरली
आणि ती माझ्याच हातून उघडकीला आली.
सकाळी पुन्हा मांडलं. वजाबाकीत दोन ठिकाणी घसरले होते.
बाकी ३१७.
चहात साखर जरा जास्तच पडली.

एक वर्ष, एक्क्याऐंशी दिवस.
शेवटचा भाजक ३१३७, बाकी चोवीसशे.
पुढचा ३१६३, पण त्याचा वर्गच ह्याच्याहून मोठा,
तिकडे जायचं कारण नाही.
चारशे सेहेचाळीस चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात,
एकीवरही शून्य नाही.
(मागच्या बाजूला अमावास्या, चतुर्थी, बँक हॉलिडे.)

त्याच आठवड्यात हुसेनी प्लंबर नवा मीटर घेऊन आला.
जुना काढताना पाना दोनदा सटकला.
मी विचारलं, ह्याचं काय करणार?
"पितळ आहे," तो म्हणाला, "वजनावर जाईल."

नव्यावर आठ शून्यं.
शून्याला कशानेही भाग जातो,
त्यात काही मजा नाही.
हुसेनीने कॉक फिरवला.
शेवटचं घर थरथरलं.
मी पिशवी घेऊन जिन्यातच उभी.
एक. दोन. तीन.
चार येईपर्यंत थांबले,
पहिला, जो फुटतो.
मग भाजी आणायला गेले.